स्टार डिस्ट्रॉयरला कूलर कुठं लावायचा?

कोराडीकर | १७ मे, रात्री १०:५२

राजेहो, प्रश्न थोडा भैताड आहे, पण तीन दिवसांपासून डोक्यात घुमून राहिला आहे.

भाचा आला आहे सुट्टीत. बारावीच्या निकालाची वाट पाहून राहिला आहे, आणि तोवर आमच्या डायनिंग टेबलावर त्याचं जहाज बांधणं सुरू आहे. स्टार वॉर्समधलं इम्पिरियल वर्गाचं स्टार डिस्ट्रॉयर. १९७७च्या पहिल्या सिनेमाच्या सुरुवातीला डोक्यावरून जातं, जातं आणि संपतच नाही, ते समोशाच्या आकाराचं जहाज. सनबोर्ड कापून ८० सेंटिमीटरचं केलं आहे. मूळ जहाज १६०० मीटरचं, म्हणजे प्रमाण १ : २०००. या मापात मोहरीचा दाणा म्हणजे घराचा एक मजला आणि माणूस एक मिलिमीटरही नाही. वरचं नक्षीकाम म्हणून पोट्ट्यानं नागपुरातल्या मोदी नंबरच्या गल्लीतून आणलेले मेलेले मदरबोर्ड चिपकवले आहेत, मधे मधे मोहरी. सौ.नं मोहरीचा डबा सध्या कपाटात कुलूपबंद ठेवला आहे.

परवा दुपारी लाइट गेली. कूलर बंद, पंखा बंद, बाहेर ४५. मी ओला पंचा अंगावर टाकून पडलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, याच्या आत ३७ हजार माणसं आहेत, ६० लेसर तोफा आहेत, वरून रिअ‍ॅक्टर. तुम्ही जन्मभर पॉवर स्टेशनात काढला, सांगा बरं, यात कूलर कुठाय?"

मी हसलो. मग हसणं बंद झालं. माझी नोकरी कंडेन्सर (वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणारं यंत्र) आणि कूलिंग टॉवरवर गेली. वीज बनवणं सोपं असते, उरलेली उष्णता फेकणं अवघड असते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आणि या जहाजावर उष्णता फेकायची एकही जागा मला दिसून नाही राहिली. जाणकारांनी सांगा.

तर्रीपोहे | १७ मे, रात्री ११:०५

काका, अंतराळात तं मायनस २७० असते ना. खिडकी उघडा, झालं काम.

अवकाशवेडी | १७ मे, रात्री ११:३१

तर्रीपोहे, थर्मासमधला चहा सकाळचा संध्याकाळपर्यंत गरम का राहतो? दोन भिंतींच्या मधे हवा नसते म्हणून. जहाजाभोवती जगातला सगळ्यात मोठा थर्मास आहे. तिथं वारा नाही, पाणी नाही. उष्णता बाहेर जाण्याचा एकच रस्ता, प्रारण. उन्हात तापलेली भिंत रात्री हात न लावताही चटका देते ना, तसं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर यासाठी मोठमोठे पांढरे रेडिएटर लावलेले आहेत. आतली उष्णता आधी पाण्यात घेतात, मग अमोनियात, आणि अमोनिया त्या पत्र्यांतून फिरवतात. एवढा खटाटोप करून ती व्यवस्था जास्तीत जास्त ७० किलोवॅट फेकते. अमेरिकेच्या स्पेस शटलचे रेडिएटर तर मालाच्या कप्प्याच्या दारांच्या आतल्या बाजूला होते. कक्षेत पोचल्यावर पहिल्या कामांतलं एक काम म्हणजे ती दारं उघडणं. दारं उघडली नाहीत तर मोहीम गुंडाळून घरी परत.

स्टार डिस्ट्रॉयरवर असं काहीच दाखवलेलं नाही, कोराडीकर काकांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. हा प्रश्न मुलांना देणार आहे, आधीच सांगून ठेवते.

पाहुणा_पुण्याचा | १८ मे, सकाळी ८:१४

नागपूरकर अंतराळात गेले तरी कूलरच शोधणार! एसी लावा की राव. आणि ते सिनेमे विज्ञानकथा नव्हेतच, तलवारी आणि राजकन्या असलेली परीकथा आहे ती. परीकथेत उष्मागतिकी शोधण्यात काय हशील?

तर्रीपोहे | १८ मे, सकाळी ८:२०

आला, धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) करणारा आला. मी पोहे घेऊन बसतो.

कोराडीकर | १८ मे, दुपारी १:४०

पाहुणे, एसी म्हणजे घरातली उष्णता उचलून बाहेरच्या जाळीतून बाहेरच्या हवेला देणं. बाहेर हवाच नसेल तर एसी कोणाला देईल? उलट त्याच्या मोटरची उष्णता आणखी आत.

ताई, तुम्ही प्रारण म्हणालात म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. जहाज लांबीला १६००. चित्रावर पट्टी ठेवली तर रुंदी लांबीच्या साठ टक्के भरते, म्हणजे ९६०. त्रिकोण धरून वरची बाजू ७ लाख ६८ हजार चौरस मीटर. खाली तेवढीच. एकूण १५ लाख ३६ हजार. वरचा मनोरा सोडला, कडेची जाडी सोडली.

आता सगळं जहाज हेच एक रेडिएटर समजा आणि त्याचं कातडं २७ अंशांवर आहे असं धरा. एकदम काळा पदार्थ एका चौरस मीटरमधून त्या तापमानाला ४५९ वॅट फेकतो. गुणाकार केला, ७०५ मेगावॅट.

खूप वाटते ना? आमच्या कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. त्यातला एक पूर्ण भारावर चालला तर चिमणीतून जाते ती सोडून एकट्या कंडेन्सरमधून आठशे मेगावॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणजे दीड किलोमीटरचं ते बलाढ्य जहाज, ज्याला पाहून आख्खी ग्रहं थरथरतात, ते नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग वापरूनही कोराडीच्या एका संचाची घाण काढू शकत नाही. आम्ही ती कशी काढतो? पाणी उडवून. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी साफ करतात, ते कोराडीला येतं आणि टॉवरमधून वाफ होऊन जातं. जो कूलर तुमच्या खिडकीत आहे, तोच आमच्याकडे हत्तीएवढा.

तोफा डागायच्या म्हटलं तर आणखी वांधे. तोफेनं १०० मेगावॅटचा झोत मारला आणि तिची कार्यक्षमता ३० टक्के असली, तर २३३ मेगावॅट आपल्याच पोटात. शत्रू मरायच्या आधी तोफवाला शिजेल.

अवकाशवेडी | १८ मे, दुपारी ३:०२

गणित बरोबर आहे, पण काका, तुम्ही सूर्य विसरलात! पृथ्वीइतक्या अंतरावर एका चौरस मीटरवर १३६१ वॅट ऊन पडतं. जहाज पाठ करून उन्हात उभं राहिलं तर ७ लाख ६८ हजार गुणिले १३६१, म्हणजे १०४५ मेगावॅट. रंग करडा आहे, निम्मं परतवलं असं धरा. तरी ५२२ आत येणार. तुमच्या ७०५ मधून हे वजा केलं की १८३ उरतात. तेवढ्यात तुमच्या तोफा, रिअ‍ॅक्टर आणि ३७ हजार माणसांचा स्वयंपाक.

मात्र यातून एक गंमत निघते. सूर्याकडे टोक करून उभं राहिलं तर ऊन अगदी थोड्या अंगावर पडतं. पाचरीसारख्या आकाराचा हा खरा फायदा. बनवणाऱ्यांच्या डोक्यात तो असेल असं अजिबात वाटत नाही, पण आहे खरा. उन्हाळ्यात आपण खाट भिंतीच्या सावलीत कशी तिरपी सरकवत नेतो, तसं चालवावं लागेल जहाज.

तर्रीपोहे | १८ मे, दुपारी ३:१०

एक किलोमीटर रुंद खाट 😂

खलाशी_महालचा | १८ मे, रात्री ९:२५

नागपुरातून नौदलात गेलो तेव्हा आजी म्हणाली होती, फुटाळा तलावात पोहता येत नाही आणि समुद्रात कुठं चालला. पंधरा वर्षं इंजिन रूममध्ये काढली, म्हणून दोन शब्द.

डिस्ट्रॉयरला आपल्याकडे विनाशिका म्हणतात. हे नाव जन्मलं टॉर्पेडो बोटींना मारणाऱ्या छोट्या चपळ जहाजांसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मोठ्या युद्धनौकांची राखण करणारी पोरं ती. स्टार डिस्ट्रॉयर तसं अजिबात नाही. त्याच्या पोटात ७२ लढाऊ यानं आहेत, म्हणजे ते विमानवाहू. तोफा पाहिल्या तर बॅटलशिप. हजारो सैनिक नेतं, म्हणजे ट्रूप कॅरियर. तीन जहाजांची कामं एकाच्या गळ्यात. असं जहाज कोणताही शहाणा नौदलप्रमुख बांधणार नाही, कारण एक बुडालं की तिन्ही बुडाली.

मोजमापासाठी सांगतो. आपल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका १६३ मीटरच्या, ७४०० टनांच्या. पहिली २०२१ला नौदलात आली, चौथी सुरत २०२५च्या जानेवारीत. वर्गाला नाव बहुतेक वेळा पहिल्या जहाजाचं पडतं. तर स्टार डिस्ट्रॉयर लांबीत आपल्या विनाशिकेच्या दहापट. लांबी-रुंदी-उंची तिन्ही दहापट धरली तर आकारमान हजारपट.

आणि इथंच कोराडीकर काकांची गोष्ट येते. आकारमान हजारपट, पण बाहेरचं कातडं फक्त शंभरपट. आतली उष्णता आकारमानाबरोबर वाढते, बाहेर जायचा रस्ता कातड्याबरोबर. म्हणून कढईतला मोठा आलुबोंडा बाहेरून खाण्याजोगा होतो आणि आत जीभ पोळतो. हे जहाज म्हणजे दीड किलोमीटरचा आलुबोंडा आहे.

आम्हाला समुद्र होता. समुद्राचं पाणी आत, गरम पाणी बाहेर, बस. एकदा पाणी घ्यायच्या गाळणीत जेलीफिशचा थवा अडकला. दहा मिनिटांत डिझेल जनरेटरच्या तापमानाचा काटा चढायला लागला. चीफनं काही विचारायच्या आत आम्ही दोघं गाळणीचं झाकण उघडून कोपरापर्यंत त्या लिबलिबीत हात घालून बसलो होतो. उष्णतेला रस्ता बंद झाला की जहाज किती लवकर गपगार होतं, ते मी या हातांनी पाहिलं आहे. अमेरिकन नौदलानं २०१४ला पॉन्स नावाच्या जहाजावर लेसर तोफ बसवली ती ३० किलोवॅटची, आणि तिच्याखाली आख्खा समुद्र होता. या लोकांनी ६० बसवल्या आणि खाली काहीच नाही.

नीलकांती | १८ मे, रात्री ९:५८

आलुबोंडा!! खलाशीकाका, साष्टांग दंडवत.

पाहुणा_पुण्याचा | १८ मे, रात्री १०:३०

ठीक आहे, वाद घालायचाच तर नीट घालू. या जहाजांवर न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांवाटे उष्णता बाहेर टाकतात असं त्या विश्वाच्या चाहत्यांत सांगतात. त्यामुळे रेडिएटर दिसत नाहीत. झालं समाधान?

अवकाशवेडी | १८ मे, रात्री ११:१५

पाहुणे, चेष्टेत का होईना, तुम्ही फार सुंदर गोष्ट आणलीत. न्यूट्रिनो कशालाही न अडखळता आरपार जातात, म्हणून त्यांच्यावर उष्णता लादता आली तर जहाजाच्या भिंतीही आड येणार नाहीत. आणि निसर्गात हे खरंच घडतं. मोठा तारा कोसळून सुपरनोव्हा होतो तेव्हा बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतली सुमारे ९९ टक्के न्यूट्रिनो घेऊन जातात. डोळ्यांना दिपवणारा प्रकाश हा उरलेल्या चिल्लरमधला. फेब्रुवारी १९८७मध्ये शेजारच्या दीर्घिकेत असा तारा फुटला आणि पृथ्वीवरच्या तीन उपकरणांत मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो सापडले. एवढे ते हट्टी.

अडचण एवढीच की ताऱ्याला हे जमतं कारण त्याच्या गाभ्याचं तापमान अब्जावधी अंश असतं. २७ अंशांच्या खोलीतली, माणसांच्या घामाची उष्णता न्यूट्रिनोच्या गळ्यात मारणारं यंत्र कसं असेल, हे मला माहीत असतं तर मी नागपुरात उत्तरपत्रिका तपासत बसले नसते.

टाय_पायलट_नागपूर | १९ मे, सकाळी ११:४८

नमस्कार, मामांचा भाचा मीच. आजच सदस्य झालो. सगळे मिळून माझ्या जहाजाची वाट लावून राहिले, म्हणून आलो.

दोन गोष्टी. एक, त्या विश्वात उष्णतेचा विचार नाही असं नाही. पहिल्या सिनेमाचं आख्खं कथानकच उष्णतेवर आहे! डेथ स्टार, म्हणजे साम्राज्याचं ते राक्षसी अवकाशस्थानक, कशानं फुटतो? दोन मीटर रुंदीच्या थर्मल एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्पेडो सरळ रिअ‍ॅक्टरपर्यंत जातो. म्हणजे उष्णता बाहेर काढायचं भोक होतं, आणि तेच मरायचं कारण झालं. मग इम्पिरियल वर्गावर भोकं लपवून ठेवली असतील, का नाही?

दोन, आकार. जहाज असं का दिसते, त्याचं उत्तर फिजिक्समध्ये नाही, कॅमेऱ्यात आहे. पहिल्या सिनेमातलं स्टार डिस्ट्रॉयरचं मॉडेल फक्त तीन फुटांचं होतं, साधारण ९१ सेंटिमीटर. पुढं पळणारं छोटं जहाज मात्र सहा फुटांच्या वर! कारण ते आधी दुसऱ्याच जहाजासाठी बनवलं होतं. म्हणजे पडद्यावर ज्याला गिळून टाकते, ते टेबलावर त्याच्या दुप्पट होतं. मॉडेल हलवत नव्हते, कॅमेरा हलवत होते, संगणकावर तीच तीच चाल परत परत घेऊन. आणि वरचं बारीक काम रणगाड्यांच्या आणि जहाजांच्या खेळण्यातल्या किटचे तुकडे चिपकवून केलं. मी तेच करून राहिलो, फक्त मोहरी वापरून. माझं मॉडेल त्यांच्यापेक्षा ११ सेंटिमीटरच कमी आहे, हे मामीला कोणीतरी सांगा.

कोराडीकर | १९ मे, दुपारी १२:१५

मामी वाचून राहिली आहे. कुलूप तसंच राहील म्हणते.

खलाशी_महालचा | १९ मे, दुपारी १२:४०

बेटा, थर्मल पोर्टचा मुद्दा मान्य. पण हवा नसताना भोकातून उष्णता जाते ती कशाबरोबर? काहीतरी पदार्थ बाहेर फेकावा लागेल, गरम वायू, वाफ, काहीही. तो संपला की काय?

अवकाशवेडी | १९ मे, दुपारी १:०५

अगदी! आणि इथं कूलर परत येतो. तर्रीपोह्यांच्या खिडकीला मी हसले होते, ते शब्द मागे घेते. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या पाठीवरच्या पेटीत पाण्याचा कूलरच होता. सच्छिद्र धातूच्या पत्र्यावर पाणी सोडायचं, निर्वात पोकळीत ते गोठतं, आणि बर्फ न वितळता सरळ वाफ होऊन उडून जातो. जाताना अंगाची उष्णता घेऊन जातो. म्हणजे चंद्रावरही वाळ्याची ताटीच, फक्त धातूची. तोटा तोच जो आपल्या कूलरचा: टाकी संपली की संपलं. जहाजाला दर लढाईत अंबाझरी तलाव सोबत न्यावा लागेल.

तर्रीपोहे | १९ मे, दुपारी १:१२

म्हणजे मी बरोबर होतो. लिहून ठेवा.

कोराडीकर | २० मे, रात्री ११:२०

रात्रभर विचार केला. प्रश्न भाच्याचा, गणित ताईंचं, पण उत्तर मला पॉवर स्टेशनातलंच सापडलं: सगळी उष्णता एकाच तापमानाची नसते.

रिअ‍ॅक्टरची उष्णता गरम असते. तिला ७२७ अंशांवर तापलेल्या पत्र्यांतून बाहेर टाकली तर एका चौरस मीटरमधून ४५९ वॅट नाही, ५६ हजार ७०० वॅट जातात. तापमान चौथ्या घातात जाते ना. १००० मेगावॅट फेकायला दोन्ही बाजूंनी तापणारा पत्रा लागेल पावणेनऊ हजार चौरस मीटरचा. म्हणजे चौऱ्याण्णव मीटर लांब-रुंद एक चौकोन. भाच्याच्या मॉडेलवर पावणेपाच सेंटिमीटर. बस एवढंच! पत्रा निखाऱ्यासारखा लाल दिसेल.

उलट ३७ हजार माणसं प्रत्येकी १०० वॅटनं बसल्याबसल्या ३.७ मेगावॅट देतात. ती उष्णता थंड, २७ अंशांची. तिला दोन्ही बाजूंचा चार हजार चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या पावणेतीनशेव्या हिश्श्याची उष्णता, आणि जागा जवळपास निम्मी. तोफा आणि रिअ‍ॅक्टर नाही राजेहो, माणसं परवडत नाहीत. लग्नाच्या हॉलमध्ये दिव्यांनी कधी गरम होते का? पाहुण्यांनी होते.

तर जहाजाच्या शेपटीला लाल पंखे लावावे लागतील. लढाई सुरू झाली की शत्रू पहिले तेच फोडेल, हेही कळते. पण नाही लावले तर फोडायचीही गरज नाही.

पाहुणा_पुण्याचा | २० मे, रात्री ११:५५

मान गये. परीकथेचं विधान मागे घेतो. (एसीचं नाही.)

नीलकांती | २१ मे, सकाळी ७:३०

मनोऱ्यावर ते दोन गोळे असतात ना, ते काय आहेत? माझा मुलगा म्हणतो रडार, नवरा म्हणतो ढाल बनवणारी यंत्रं. घरात दोन पक्ष पडलेत.

टाय_पायलट_नागपूर | २१ मे, सकाळी १०:०२

ताई, हा वाद चाळीस वर्षांपासून चालू आहे. १९८३च्या सिनेमात १९ किलोमीटरच्या एक्झिक्युटर जहाजाचा एक गोळा फुटतो आणि लगेच ब्रिजची, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षाची, ढाल गेल्याची खबर येते. म्हणून काही लोक म्हणतात ढालच. दुसरे म्हणतात ते संवेदक आहेत आणि ढाल आधीच जाऊन राहिली होती. दोघांनाही एकच सीन पुरावा म्हणून लागतो. तुमच्या घरात कोणीच जिंकणार नाही.

मी गोळ्यांसाठी कपाटातल्या डांबरगोळ्या वापरल्या. एकदम मापाच्या बसल्या, दोन सेंटिमीटर, म्हणजे जहाजावर ४० मीटर.

कोराडीकर | २९ मे, दुपारी ४:४५

नवतपा (उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस) सुरू आहे. मधे कूलरचा पंप जळाला, दोन दिवस घर भट्टी झालं होतं. दुकानदार म्हणे वॉरंटीत नाही बसत. जाऊ द्या.

मुद्दा असा की आज मॉडेल पाहिलं तर मनोऱ्यावरचे गोळे हरभऱ्याएवढे झाले आहेत. भाच्याला वाटलं कोणी बदलले. मी म्हटलं, अरे, डांबरगोळी आहे, वितळत नाही, सरळ उडून जाते. ताईंच्या चंद्रावरच्या बर्फासारखी. या दोन दिवसांच्या उकाड्यात आख्ख्या घरात एकट्या तुझ्या जहाजानं स्वतःला थंड ठेवायचा प्रयत्न केला.

अवकाशवेडी | २९ मे, संध्याकाळी ५:१०

काका!!! हे मी वर्गात सांगणार.

टाय_पायलट_नागपूर | २ जून, रात्री ९:१८

अपडेट. मामांनी भंगारवाल्याकडून जुन्या एसीची जाळी आणली. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या कापून पावणेपाच सेंटिमीटरचे पंखे केले, शेपटीला दोन्हीकडून लावले, आणि मामांच्या आग्रहानं नेलपॉलिशनं लाल रंगवले. नेलपॉलिश मामीची. गोळ्यांच्या जागी आता लाकडी मणी आहेत. मित्र आला होता, म्हणाला हे काय लावलं मागे, खरं स्टार डिस्ट्रॉयर असं नसते.

मामा कोपऱ्यातून म्हणाले, "खरं नसतेच, म्हणून तर लावलं."

तर्रीपोहे | २ जून, रात्री ९:२५

निकाल काय लागला बे तुझा?

टाय_पायलट_नागपूर | २ जून, रात्री ९:२६

फिजिक्स सोडून सगळं मस्त आहे.